कंबर एक, सल्ले पाच

गेल्या अंकात कंबरदुखीविषयी प्रश्न मागवले, तेव्हा गोळ्यांची आणि व्यायामांची विचारणा जास्त येईल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक पत्रांत तक्रार निराळीच निघाली: डॉक्टर पुष्कळ भेटले, पण त्यांचे एकमेकांशी बोलणेच झाले नाही. मी अस्थिरोगतज्ज्ञ नाही, फॅमिली डॉक्टर आहे, त्यामुळे या तक्रारीत माझाही वाटा असणार हे धरूनच उत्तरे लिहिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ४६ वर्षांची शिक्षिका असून दोन वर्षांपासून माझी कंबर दुखते. फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. अस्थिरोगतज्ज्ञांनी पट्टा दिला आणि वाकायचे नाही असे बजावले. फिजिओथेरपिस्टने वाकण्याचेच व्यायाम शिकवले. मणक्याच्या सर्जननी ‘शस्त्रक्रियेची गरज नाही’ एवढे सांगून परत पाठवले, तर मालिश करणाऱ्या बाईंच्या मते माझा मणका जागेवरून हललेला आहे. सगळे आपापल्या जागी जाणकार आहेत. मी ऐकायचे कुणाचे? वर्षभर मी फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागातच लिहिते आहे, कारण खाली वाकायचे धैर्य होत नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण पाच जणांच्या कागदांत ते कुठेही नोंदलेले नसणार याची मला जवळजवळ खात्री आहे. त्याकडे मी पुढे येतो. आधी सल्ल्यांतल्या विसंगतीविषयी.

कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत दुखण्याचे मूळ एखाद्या ठरावीक स्नायूवर, सांध्यावर किंवा मणक्यांमधल्या चकतीवर खात्रीने बोट ठेवून दाखवता येत नाही. अशा दुखण्याला आम्ही ‘अविशिष्ट कंबरदुखी’ म्हणतो. रुग्णाला हे नाव मुळीच समाधान देत नाही आणि डॉक्टरलाही ते उच्चारताना अवघडल्यासारखे होते. मग प्रत्येक जण आपल्या शास्त्राला जवळचे नाव देतो. कुणी झीज म्हणतो, कुणी स्नायूंचा ताठरपणा म्हणतो, कुणी मणका हलल्याचे सांगतो. दुखणे तेच असते, पण पाच नावे ऐकून आपल्याला पाच आजार झाले आहेत असे रुग्णाला वाटू लागते.

दुसरे असे की, हे सल्ले तुम्हाला निरनिराळ्या दिवशी मिळालेले आहेत. उसण भरलेली असताना दोन-चार दिवस वाकणे टाळा, हे सांगणे वेगळे आणि तीन महिन्यांनी हळूहळू वाकायला शिका, हे सांगणे वेगळे. दोन्ही बरोबर असू शकतात. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, तशी सल्ल्यावर कुणी छापत नाही, ही खरी अडचण आहे. ही चूक माझ्याही हातून झालेली आहे. एका गृहस्थांना मी वजन उचलू नका असे सांगितले होते. अकरा वर्षांनी ते तापासाठी आले, तेव्हा बोलता बोलता कळले की तेव्हापासून त्यांनी पाण्याची बादलीही उचललेली नाही आणि नातीलाही कडेवर घेतलेले नाही. मला दोन आठवडे म्हणायचे होते, पण ‘दोन आठवडे’ हे शब्द माझ्या मनातच राहिले होते.

आता काय करायचे ते सांगतो. घरी सगळे कागद तारखेप्रमाणे लावा आणि ते घेऊन पाचपैकी एकाच व्यक्तीकडे जा. बहुधा ती तुमचे फॅमिली डॉक्टर असावी, कारण कंबरेखेरीज तुमचा रक्तदाब, झोप, पाळीच्या तक्रारी आणि घरची परिस्थिती त्यांनाच ठाऊक असते. वेळ आधी ठरवून घ्या आणि सरळ विचारा, ‘यापुढे माझ्या कंबरेचे सगळे सूत्र तुम्ही हातात ठेवाल का?’ डॉक्टरांना हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो. कागद लावण्याचे काम क्षुल्लक वाटते, पण त्यातून बरेच काही बाहेर येते. माझ्याकडे एका बाईंच्या पिशवीतल्या चिठ्ठ्या आम्ही दोघांनी टेबलावर ओळीने मांडल्या, तेव्हा दिसले की एका डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक दिले होते, दुसऱ्यांनी अ‍ॅसिक्लोफिनॅक दिले होते आणि त्या दोन्ही गोळ्या रोज घेत होत्या. दोन्ही औषधे एकाच गटातली आहेत. दोन्ही मिळून घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, मात्र जठरातल्या जखमेचा, मूत्रपिंडाला इजा होण्याचा आणि रक्तदाब वाढण्याचा धोका वाढतो. एकाही चिठ्ठीत स्वतंत्रपणे पाहिले तर काही चूक नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी शस्त्रक्रियेविना करायच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत दुखण्याविषयी नीट समजावून सांगणे, व्यायाम, मालिश आणि मणक्यावरील हस्तोपचारांसारखे काही शारीरिक उपचार, वर्तनोपचारासारखे मानसशास्त्रीय उपचार आणि सूज कमी करणारी वेदनाशामके यांना जागा आहे. कंबरपट्टे, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून ताण देणे, आणि अफूजन्य वेदनाशामके यांची शिफारस नेहमीच्या उपचारांसाठी केलेली नाही. म्हणजे तुमच्या पाच जणांपैकी बहुतेकांच्या उपचारांतले काही ना काही उपयोगाचे आहे. मालिश करणाऱ्या बाईंचा हात घ्या, निदान मात्र घेऊ नका. निरोगी माणसाचा मणका कामाच्या ओघात जागेवरून हलत नाही आणि हाताने दाबून तो परत बसवताही येत नाही.

आणि तो फळा. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘दुखणे थांबवा’ असे म्हणण्याआधी ‘मला फळ्याच्या तळापर्यंत लिहायचे आहे’ असे सांगा, आणि ते कागदावर सर्वांत वर लिहून घ्या. त्यावरून फिजिओथेरपिस्टला नेमके काय शिकवायचे ते कळेल, डॉक्टरांना गोळी कधी थांबवायची ते कळेल आणि सहा आठवड्यांनी उपचाराचा उपयोग झाला की नाही हे ठरवण्यासाठी तुम्हाला कुणाच्या मताची वाट पाहावी लागणार नाही.

प्रश्न : माझे वय ३१. दिवसभर संगणकासमोर बसून काम असते. तीन आठवडे कंबर दुखत होती, म्हणून स्वतःहून एमआरआय करून घेतला. अहवालात एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधील चकती फुगलेली असून झीज सुरू झाल्याचे लिहिले आहे. ‘गादी सरकली’ असे सगळे म्हणतात. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत, पण मी जिम सोडले आहे आणि गाडी चालवायचीही भीती वाटते.

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत गंभीर लक्षण अहवाल हातात पडल्यानंतर सुरू झालेले आहे, आणि ते म्हणजे भीती.

ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिशीतल्या ५२ टक्के लोकांच्या चकतीत झीज दिसली आणि ४० टक्के लोकांची चकती फुगलेली होती. ऐंशीव्या वर्षी हेच आकडे ९६ आणि ८४ टक्के होते. पिकलेले केस जसे आजार मानले जात नाहीत, तसेच यातल्या बऱ्याच गोष्टींचे आहे, फक्त केस आरशात दिसतात म्हणून त्यांची सवय झालेली असते. ‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोगही सोडून द्या. दोन मणक्यांमधली चकती तंतूंनी घट्ट जखडलेली असते. ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. तिचा काठ फुगू शकतो, कधी आतला मऊ भाग बाहेरही येतो, आणि असा बाहेर आलेला भाग अनेकदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो.

तपासणी केव्हा करायलाच हवी, तेही सांगितले पाहिजे. जांघेत आणि बसण्याच्या जागेवर बधिरपणा येणे, लघवी तुंबणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही पायांतली शक्ती कमी होणे, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी समन्वय वगैरे काही पाहू नये. एका पायातला अशक्तपणा वाढत असेल, कंबरदुखीबरोबर ताप असेल, कारणाशिवाय वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, वयस्कर किंवा बराच काळ स्टिरॉइड घेतलेल्या व्यक्तीची कंबर साध्या पडण्यानंतर दुखू लागली असेल, तर लवकर तपासावे. पंचेचाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेले, तीन महिन्यांहून अधिक टिकलेले, पहाटे जागे करणारे, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडवून ठेवणारे आणि हालचालीने कमी होणारे दुखणे असेल, तर संधिवाततज्ज्ञांचे मत घ्यावे. तुम्ही लिहिलेल्या वर्णनात यांतले एकही लक्षण नाही.

बिनदुखण्याच्या लोकांतही असे बदल दिसतात, हे वाक्य अहवालावरच छापले तर लोकांची भीती आणि पुढचे उपचार कमी होतील, अशी कल्पना अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांवर पडताळून पाहण्यात आली. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार अफूजन्य औषधांच्या चिठ्ठ्या किंचित घटल्या, एकूण उपचारांत मात्र फरक पडला नाही. मला याचे आश्चर्य वाटले नाही. छापील ओळ माणसाला ओळखत नाही. तुम्हाला ओळखणाऱ्या डॉक्टरने आधी तुमचे पाय, पायाच्या अंगठ्यातली ताकद आणि चाल पाहावी आणि मग अहवाल वाचावा, हा क्रम उलटा झाला की तुमच्यासारखी धडधाकट माणसे जिम सोडतात. तो अहवाल घेऊन एकदा त्यांच्याकडे जा, तपासून घ्या आणि हलक्या वजनांपासून जिम पुन्हा सुरू करा.

प्रश्न : मी नव्याने दवाखाना सुरू केलेली डॉक्टर आहे. दिवसाला पन्नासेक रुग्ण येतात आणि प्रत्येकाला जेमतेम आठ मिनिटे मिळतात. ‘समन्वित, रुग्णकेंद्रित प्राथमिक सेवा’ हे शब्द परिषदांमध्ये फार ऐकले. एक मदतनीस आणि रस्त्यापलीकडचा एक फिजिओथेरपिस्ट एवढ्या भांडवलावर हे कसे उभे करायचे?

उत्तर : एवढे भांडवल पुरते. प्राथमिक आरोग्यसेवेच्या अमेरिकी अभ्यासक बार्बरा स्टारफिल्ड यांनी या सेवेची चार लक्षणे सांगितली आहेत: पहिला संपर्क, सातत्य, सर्वांगीणता आणि समन्वय. पहिली तीन आपण बऱ्यावाईट प्रकारे निभावतो. चौथ्याचे कुणी शुल्क देत नाही आणि मोजमापही ठेवत नाही, त्यामुळे ते राहून जाते.

सुरुवात रस्ता ओलांडून करा. फिजिओथेरपिस्टबरोबर एक तास बसा, आणि दोघांकडेही येणाऱ्या तीन-चार रुग्णांच्या संमतीने त्यांचे कागद समोर ठेवा. तुम्ही ‘झीज’ म्हणता तेव्हा ते काय म्हणतात? ‘मणक्यात गॅप’ हा शब्द कोण वापरते? ‘नस दबली’ असे कोणती लक्षणे असताना म्हणायचे? उपचार जुळवण्याआधी शब्द जुळवा. मी आणि माझ्या सहकारी फिजिओथेरपिस्टने एका दुपारी ‘गॅप’ हा शब्द दोन्ही दवाखान्यांतून हद्दपार केला, त्याचा रुग्णांना झालेला उपयोग माझ्या कित्येक औषधांपेक्षा जास्त होता असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मग कागद. एका रुग्णाला एकच पान, आणि त्याची प्रत रुग्णाच्या हातात. सर्वांत वर रुग्णाचे उद्दिष्ट त्याच्याच शब्दांत. ते काढून घेण्यासाठी मी एक प्रश्न विचारतो: ‘कंबर दुखत नसती, तर उद्या सकाळी पहिले कोणते काम केले असते?’ याचे उत्तर द्यायला लोक थांबतात, कधी डोळ्यांत पाणी येते, पण उत्तर नेमके असते. त्याखाली दोघांनी मान्य केलेल्या शब्दांत निदान, प्रत्येक औषधापुढे ते थांबवण्याची तारीख, प्रत्येक मनाईपुढे तिची मुदत, धोक्याची लक्षणे, पुढच्या भेटीचा दिवस आणि सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर पुढची पायरी कोणती, ते. शेवटी एक नाव: या रुग्णाची जबाबदारी कुणाची. तज्ज्ञाकडे पाठवतानाही हेच पान पाठवा आणि सोबत प्रश्न लिहा. ‘कृपया पाहावे’ एवढ्याच चिठ्ठीला ‘पाहिले’ एवढेच उत्तर येते. ‘उजव्या पायाच्या अंगठ्यातली ताकद दोन आठवड्यांत कमी झाली आहे, शस्त्रक्रियेचा विचार करावा का, आणि नसेल तर किती दिवस थांबणे सुरक्षित?’ असे विचारले, तर उत्तर तुमच्या आणि रुग्णाच्या उपयोगाचे येईल.

सगळ्यांना सगळे द्यायची गरज नाही. इंग्लंडमधील कील विद्यापीठात तयार झालेली नऊ प्रश्नांची ‘स्टार्ट बॅक’ प्रश्नावली रुग्णांचे तीन गट पाडते. दुखणे लांबण्याचा धोका कमी असलेल्यांना आश्वासन, माहिती आणि हालचाल चालू ठेवण्याचा सल्ला पुरतो. मध्यम धोक्याच्या रुग्णांना फिजिओथेरपी लागते. जास्त धोका असलेल्यांसाठी त्याच फिजिओथेरपीत भीती, निराशा आणि समजुती यांवरचे काम मिसळावे लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८५१ रुग्णांच्या चाचणीत या पद्धतीने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा झाली आणि खर्चही कमी आला. पण हीच पद्धत अमेरिकेतील एका मोठ्या आरोग्यव्यवस्थेत राबवली, तेव्हा २०१८ च्या निष्कर्षांत रुग्णांना काहीही फरक दिसला नाही, आणि तिथे डॉक्टरांनी दिलेले उपचारही फारसे बदललेले नव्हते. प्रश्नावली भरून फाइलला लावली आणि पुढे नेहमीचेच चालू ठेवले, तर वाया गेलेला कागद तेवढा वाढतो.

औषधांबाबत हात थोडा आखडता ठेवा. ताज्या कंबरदुखीसाठी पॅरासिटामॉल देण्याची आपल्या सर्वांना सवय आहे, पण २०१४ च्या सुमारे १,६५० रुग्णांच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी निम्मे १७ दिवसांत बरे झाले आणि बनावट, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी निम्मे १६ दिवसांत. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातच अफूजन्य औषधाची ताज्या कंबर आणि मानदुखीत चाचणी झाली आणि तेही बनावट गोळीपेक्षा सरस ठरले नाही. अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला तर १९९५ मध्येच निकालात निघाला होता. हेलसिंकीतील १८६ नगरपालिका कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना झेपेल तसे नेहमीचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले, ते विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले. तरीही विश्रांतीची चिठ्ठी मागायला रुग्ण येतात आणि आपण ती देतो, हेही खरे.

आठ मिनिटांचे गणित मात्र जमणार नाही, हे मान्य करून टाका. कंबरदुखीच्या पहिल्या भेटीला वीस मिनिटे लागतात. मी दिवसाच्या शेवटी अशा दोन वेळा राखून ठेवतो आणि ज्याला आठ मिनिटांत ओझरते पाहिले त्याला तिथे बोलावतो. दोन आठवड्यांनंतरची भेट पहिल्याच दिवशी ठरवून द्यायची. ‘बरे वाटले नाही तर या’ असे सांगितलेला रुग्ण बरे वाटले नाही की दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. जे आले नाहीत त्यांना फोन करण्याचे काम मदतनिसाकडे द्या. उद्दिष्टाच्या कामाला आज शून्य ते दहापैकी किती गुण, एवढेच तिने विचारून पानावर लिहायचे. सहा महिन्यांनी ही पाने चाळलीत, तर कोणत्या रुग्णांत आपण कुठे अडकतो ते तुम्हाला कुठल्याही परिषदेत न जाता कळेल.

प्रश्न : माझे यजमान ट्रकचालक आहेत. चार वर्षांपासून त्यांची कंबर दुखते. झोप नाही, चिडचिड वाढली आहे. डॉक्टरांनी आता मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितले, त्यावर ‘म्हणजे मी सोंग करतो का?’ म्हणून यांनी कागद भिरकावून दिला. यांचे दुखणे मनाचे आहे का?

उत्तर : त्यांचे दुखणे खरे आहे. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखवा.

दुखण्यात शरीर, मन आणि भोवतालची परिस्थिती एकत्र काम करतात, ही मांडणी अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये आजारांविषयी सर्वसाधारणपणे केली आणि पुढे कंबरदुखीच्या बाबतीत ती फारच लागू पडली. महिनोन्महिने दुखत राहिले की मज्जासंस्था धोक्याची घंटा जास्त जोरात आणि लवकर वाजवू लागते. अपुरी झोप आणि काळजी तो आवाज आणखी चढवतात. चालकाच्या बाबतीत तासन्‌तास बसणे, गाडीचे हादरे आणि ‘गाडी सुटली तर घर कसे चालणार’ ही धास्ती हे सगळे एकाच कंबरेवर येते. तेव्हा मनाशी बोलणारा उपचार हा कंबरेचाच उपचार असतो. ऑस्ट्रेलियात ४९२ दीर्घकालीन रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टनी रुग्णाच्या हालचालींवर आणि भीतीवर एकत्र काम केले. जेमतेम आठ बैठकांत मिळालेला फायदा वर्षभरानंतरही टिकून होता.

चूक सल्ल्यात नव्हती, तो देण्याच्या रीतीत होती. ‘आता तिकडे जा’ असे म्हटले की आपल्याला झटकून टाकले असे रुग्णाला वाटते. त्यांच्या डॉक्टरांना तुम्ही दोघे मिळून भेटा आणि विचारा, की तज्ज्ञांना भेटल्यावर पुन्हा तुमच्याकडे कधी यायचे? तारीख मिळाली तर यजमान जातील असे मला वाटते. घरी त्यांच्या हातातली सगळी कामे काढून घेऊ नका. प्रेमापोटी आपण तसे करतो, पण त्याने माणूस आणखी आजारी होतो.

प्रश्न : कंबरपट्टा कायम वापरावा का? कडक पलंगावर, शक्यतो जमिनीवर झोपावे, हे खरे आहे का?

उत्तर : पट्ट्याची शिफारस नाही, हे वर आलेच आहे. कडक बिछान्याचे म्हणाल तर २००३ मध्ये स्पेनमधील ३१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची कंबर फार कडक गादीवाल्यांपेक्षा कमी दुखली. ज्या गादीवर झोप लागते ती चालेल.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी कंबर पूर्ण बरी झाली. डॉक्टरांकडे जाणे थांबवले. आता पुन्हा उसण भरेल का, ही धाकधूक असते. काही करता येईल का?

उत्तर : पुन्हा दुखण्याची शक्यता बरीच असते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चालण्याने ती पुढे ढकलता येते. नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेल्या ७०१ जणांची एक ऑस्ट्रेलियन चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवणाऱ्या आणि दुखण्याविषयी समजून घेणाऱ्या गटात निम्म्या लोकांचे दुखणे परत येईपर्यंत २०८ दिवस गेले, तर ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्यात ११२ दिवस.

दुसरे, दुखत नसतानाच डॉक्टरांना एकदा भेटा. बरे असताना कुणी येत नाही, त्यामुळे ते थोडे चकित होतील. पुन्हा उसण भरली तर पहिले दोन दिवस काय करायचे, शेक केव्हा, कोणती गोळी किती दिवस, किती चालायचे, कामावर कोणता निरोप द्यायचा आणि कोणत्या लक्षणाला थांबायचे नाही, हे त्यांच्याकडून अर्ध्या पानात लिहून घ्या. गेल्या वेळी फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामांपैकी ज्यांचा उपयोग झाला ते दोन-तीन त्याखाली तुम्ही स्वतः लिहा, आणि त्या पानाचा फोटो काढून फिजिओथेरपिस्टलाही पाठवून द्या.